ग्योलिनची कबुली

माझी धाकटी बहीण ग्योलिन देवभोळी होती, म्हणून मेली. मी तोंडाळ आणि हट्टी, म्हणून जगले. आता यावर कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल घाला, पण झालं ते हेच.

आमचं गाव टालनेस. सिल्यान तळ्याच्या या काठाला आम्ही आणि पलीकडच्या काठाला चर्च. रविवारी सगळं गाव एका लांब होडीत बसतं आणि वल्ही मारत जातं. होडीत प्रत्येक घराची जागा ठरलेली. कोण कुणाशेजारी बसणार हे आपल्या जन्माआधीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे भांडण झालं म्हणून उठून दुसरीकडं बसायची सोय नाही. आमच्या बाकावर मी आणि ग्योलिन, एका वल्ह्यावर दोघी. पुढच्या बाकावर शेजारची सिग्रिड. माझा नवरा पेर मागं, सुकाणूजवळ.

ग्योलिनचा नवरा राजाच्या लढाईला गेला तो गेलाच. पदरी मूलबाळ नाही. मग ती परत माहेरी, म्हणजे आमच्याच घरात आली. सिग्रिडला मुलगी झाली, अपोलोनिया, तेव्हा सिग्रिडनं ग्योलिनलाच धर्ममाता केलं. आमच्याकडं बाप्तिस्म्याला पोर आई नेत नाही, धर्ममाता नेते. त्या दिवशी ग्योलिननं वल्ह्याला हात लावला नाही. पोर मांडीवर घेऊन ती राणीसारखी बसली, आणि तिच्या वाटची वल्ही मी मारली. वर बडबडही केली. ती नुसती हसत होती.

आमचे पाद्री हेर एर्लांड; पाद्र्याला आमच्याकडं मानानं हेर म्हणतात. गावात आले तेव्हा मिसरूड नुकती फुटलेली, बोलताना कान लाल व्हायचे. पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या घराचं छत बर्फानं बसलं, तर महिनाभर जेवायला आमच्याकडं. ग्योलिन त्यांना जवाची गरम लापशी करून द्यायची, वर लोण्याचा गोळा. मी म्हणायचे, मेली आपल्या घरात लोणी कुणाला दिसत नाही आणि पाद्रीबाबांच्या ताटात बरं उगवतं. वेदीवरचं पांढरं कापडही तीच धुवायची. राखेच्या पाण्यात उकळायचं आणि वसंताच्या उन्हात बर्फावर पसरायचं, म्हणजे कसं लख्ख निघतं. ते वाळेपर्यंत ती कावळे हाकत बसायची. जणू येशूचा अंगरखाच तिच्या हवाली केला होता.

दर हिवाळ्यात पाद्रीबाबा घरोघर येऊन धर्मप्रश्न विचारायचे. मी दहा आज्ञांतल्या पाचवीपाशी अडकायचे. ग्योलिन शेवटपर्यंत घडाघडा म्हणायची. "ही माझ्या चर्चमधलं सोनं आहे," असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे. आणि मला म्हणायचे, "मेरित, शिव्या देताना तुझी जीभ नाही अडखळत." सगळे हसायचे, मीपण हसायचे. माणूस वाईट नव्हता हो. हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर ग्योलिननं त्याच्यावर एवढा विश्वास टाकला नसता.

मग वरच्या गावांतून बातम्या यायला लागल्या. चेटकिणी रात्री मुलांना पळवून ब्लोकुल्लाला नेतात, तिथं सैतानाची मेजवानी असते, तिथं मुलांचा उलटा बाप्तिस्मा करतात. असल्या गोष्टी म्हाताऱ्या चुलीपाशी सांगतच असतात. पण या खेपेला बिशपांचा हुकूम आला आणि चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली. दर रविवारी पाद्रीबाबा व्यासपीठावरून म्हणायचे, प्रभो, आमच्या लेकरांना ब्लोकुल्लापासून वाचव. आता मला सांगा, दर रविवारी लेकरांच्या कानावर जे घालाल तेच त्यांच्या स्वप्नात येणार की दुसरं काही? सुगी संपता संपता गावातली निम्मी पोरं झोपेत किंचाळायला लागली.

पाद्रीबाबांनी पोरांना एकेक करून चर्चमागच्या खोलीत बोलावलं. आत काय विचारलं ते कुणाला ठाऊक नाही. बाहेर आलं ते एवढंच, की अपोलोनियानं ग्योलिनचं नाव घेतलं. पोरीचे दुधाचे दातसुद्धा अजून पुरते पडले नव्हते. त्या पाठोपाठ दुसऱ्या पोरांनी माझंही नाव घेतलं, कारण ग्योलिन ताईशिवाय कुठं जात नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आम्हाला पाद्रीबाबांच्या घराशेजारच्या धान्याच्या कोठारात कोंडलं. राजधानीतून न्यायाधीश आले, त्यांच्या जोडीला आसपासचे पाद्री बसले, आणि त्यांत आमचे हेर एर्लांडही होते. ते ऐकल्यावर ग्योलिनचा चेहरा उजळला. म्हणाली, "बघ ताई, आपलं माणूस आहे तिथं."

पहारेकऱ्याची बायको आम्हाला पेज आणून द्यायची. तिचं माहेर वरच्या गावातलं. तिनं एक दिवस भांडं खाली ठेवता ठेवता सांगितलं, की तिकडं ज्या बायांनी कबूल केलं त्यांच्या माना उडवल्या आणि देहाची होळी केली. ज्या नाही म्हणत राहिल्या त्या शेवटी घरी आल्या, कारण आरोपी स्वतः कबूल झाल्याशिवाय मान उडवायची नाही असा नियम आहे. मी म्हटलं, झालं तर मग. नाही म्हणणं मला जन्मतः येतं. ग्योलिनला मी दोन्ही खांद्यांना धरून सांगितलं, की काय वाटेल ते विचारू देत, तू नाही म्हण. एवढा एकच शब्द. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा आले. पालथ्या टोपलीवर बसले. आधी प्रार्थना केली, मग ग्योलिनला म्हणाले की कबूल हो. ग्योलिननं सरळ विचारलं, "पाद्रीबाबा, ताई म्हणते कबूल केलं तरच मारतात. खरं का?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. कान लाल झाले. ते स्वतः न्यायमंडळात बसत होते, नियम त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

"मेरित शरीराचं बोलते," ते म्हणाले. "मी तुझ्या आत्म्याचं बोलतोय, ग्योलिन."

"पण मी कधी गेलेच नाही. मग कबूल काय करू?"

"सैतान झोपेत नेतो आणि उठल्यावर आठवू देत नाही. इतकी लेकरं सांगतायत. ती सगळी खोटी आणि तू एकटी खरी? हा गर्व नाही का?"

झालं. मला कुणी गर्विष्ठ म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, आहेच मुळी. पण ग्योलिन खाली बघायला लागली. जन्मभर जी बाई आपल्यात काय खोट आहे तेच शोधत आली, तिला त्यांनी बरोबर तिथंच धरलं. नाकारलंस तर प्रभुभोजन मिळणार नाही, ते म्हणाले, पश्चात्तापाशिवाय मरशील आणि मग मीसुद्धा काही करू शकणार नाही. कबूल झालीस तर भाकर आणि द्राक्षारस मी माझ्या हातानं देईन. न्यायाधीशांपाशी तुझ्यासाठी शब्दही टाकीन.

"चर्च आपल्या लेकराला टाकत नाही, ग्योलिन," असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर मी तिला काय काय नाही बोलले. समजावलं, शिव्या दिल्या, पाया पडले. ती म्हणाली, "ताई, इतक्या लोकांना जे दिसतं ते मला दिसत नसेल, तर खोट माझ्याच नजरेत असेल. आणि ते बोलणार आहेत ना माझ्यासाठी." ज्याच्या भरवशावर मान टाकावी त्यानंच केसानं गळा कापायचा, तर मान टाकणाऱ्यानं कुठं जायचं?

न्यायमंडळापुढं ती सगळ्याला हो म्हणाली. गेलीस का, हो. मुलं नेलीस का, हो. सैतानाच्या पंगतीला काय वाढलं होतं असं विचारलं, तर गोंधळून म्हणाली, "जवाची लापशी. वर लोणी." बिचारीला दुसरी मेजवानी ठाऊकच नव्हती. न्यायाधीशांनी पाद्र्यांकडं वळून विचारलं, हिच्याबद्दल कुणाला काही सांगायचंय? हेर एर्लांड आपल्या हातांकडं बघत बसले. मी उभी होते तिथून त्यांचं नख न् नख दिसत होतं, आणि ते काही बोलले नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी प्रत्येक प्रश्नाला नाही म्हटलं, माझं नाव विचारलं तेव्हा सोडून. पाषाणहृदयी म्हणून त्यांनी मला परत कोंडलं.

भाकर मात्र त्यांनी तिला दिली, तेवढा शब्द पाळला. त्या सकाळी तिचा चेहरा असा शांत होता की मला तिचा हेवा वाटला आणि रागही आला. ज्या कबूल होत नव्हत्या त्यांना बघायला नेत असत, म्हणजे घाबरून तोंड उघडतील. मलाही नेलं. तळ्याच्या टोकाला, जिथून आमची होडी दर रविवारी जायची. सगळं गाव उभं होतं. ग्योलिन गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मला नाही. हेर एर्लांड दिसल्यावर थांबली आणि म्हणाली, "तुम्ही बोललात ना त्यांच्याशी?"

अजूनही. मान ठेवायचा ओंडका पुढ्यात दिसत होता, तरी अजूनही तिला वाटत होतं की काहीतरी चाललं असेल, कुणीतरी आता थांबवेल. हेर एर्लांडांनी स्तोत्र सुरू केलं. लोकांनी त्यांच्या मागून सूर धरला, आणि तिला उत्तर मिळालंच नाही.

मला हिवाळ्यात सोडलं. कबुली नाही, मग करणार काय. पण प्रभुभोजनाला बंदी घातली, पश्चात्ताप न झालेली म्हणून. पेर न्यायला आला, मला होडीत बसवलं आणि सगळा वेळ रडत राहिला. मी रडले नाही. मला वाटायचं, मी रडले तर तेसुद्धा कबुलीत धरतील.

आणि रविवार काही कुणासाठी थांबत नाहीत. चर्चला गेलं नाही तर पुन्हा चेटकीण. त्याच होडीत, त्याच बाकावर. ग्योलिनची जागा रिकामी राहिली तर वल्हं एकटीला झेपेना. सिग्रिडच्या घरात माणसं जास्त, तर गावानं ठरवून तिथं कुणाला बसवावं? अपोलोनियाला. ती माझ्या शेजारी बसून मोठी झाली. आम्ही दोघींनी एका दांड्यावर हात ठेवून वर्षानुवर्षं वल्ही मारली, आणि एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. पोरगी हात माझ्या हाताला लागू न देता दांडा धरायची. मला वाटायचं, जिनं माझ्या बहिणीला खाल्लं ती इथं बसते, आणि देव वरून नुसता बघतो.

मग एका वसंतात राजधानीतून बातमी आली. तिकडं पोरं एकामागून एक उठून सांगायला लागली होती, की आम्ही खोटं बोललो, कुणी कुठं नेलं नव्हतं. न्यायाधीशांनी कोंडलेल्या बाया सोडून दिल्या. पेरनं मला हे सांगितलं तेव्हा मी दूध काढत होते. गाय तशीच सोडून उठले, छोटी नाव घेतली आणि एकटीनं तळं ओलांडून पाद्रीबाबांच्या दारात उभी राहिले.

हेर एर्लांडांचे केस पिकले होते. बस म्हणाले, बिअर पुढं केली, मी घेतली नाही. म्हणाले, "तुझी बंदी उठली, मेरित. रविवारी प्रभुभोजनाला ये."

"आणि ग्योलिन?"

त्यांनी बिअर बाजूला सारली. मग हळूहळू सांगायला लागले, समोर लहान मूल बसल्यासारखं. ग्योलिन निर्दोष होती असं म्हटलं, तर तिची कबुली खोटी ठरते. जिभेवर खोटं ठेवून तिनं प्रभूची भाकर खाल्ली, असं होतं. आणि अयोग्यपणे ती भाकर खाणारा आपल्यावर दंड ओढवून घेतो, हे शास्त्रातच आहे. आज गाव म्हणतं, चेटकीण होती, पण पश्चात्ताप करून तरली. "तिला निर्दोष म्हटलं तर तिचं तारण मी हिरावून घेईन. तुला ते हवंय का?"

मी थक्क झाले. इतकी वर्षं या माणसानं हे मनात घोळवून घोळवून केवढं गुळगुळीत केलं होतं. आपलं पाप झाकायला तिचाच स्वर्ग पांघरून बसला होता.

"ते खोटं तिच्या जिभेवर ठेवलं कुणी?" मी म्हटलं. "मला शास्त्र येत नाही, पाचवी आज्ञासुद्धा तुम्हीच सांगायचात. पण एवढं आठवतं की येशूलाही याजकांनीच धरून दिलं होतं, आणि त्याच्यापुढंही खोटे साक्षीदार उभे केले होते. माझी बहीण त्याच्याकडं गेलीय. तिचं तो बघेल. तुम्ही फक्त तिचं नाव इथं परत द्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी होतं, मी खोटं सांगणार नाही. म्हणाले, रविवारी राजधानीहून आलेला हुकूम वाचायचा आहे, तो वाचून झाला की व्यासपीठावरून तिचं नाव घेईन. निर्दोष म्हणून. सगळ्यांसमोर. मी विचारलं, "शब्द देता?" ते म्हणाले, "देतो." परत जाताना तळ्याच्या मधोमध मी वल्ही सोडली आणि पोटभर रडले. एवढं होऊनही माझा विश्वास बसला, बघा. हट्टी बाईचासुद्धा.

रविवारी मी ग्योलिनची पांढरी ओढणी डोक्याला बांधली. हेर एर्लांड व्यासपीठावर चढले आणि कागद उलगडला. सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मग वाचलं, की देवाच्या कृपेनं चेटकिणी या राज्यातून कायमच्या हाकलल्या गेल्या आहेत, आता कुणी कुणावर आरोप करू नये, आणि या सुटकेबद्दल सर्वांनी परमेश्वराचे आभार मानावेत.

हाकलल्या गेल्या. म्हणजे होत्या. म्हणजे ज्या जाळल्या त्या बरोबरच जाळल्या, आता पुरे एवढंच. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी कागदाची घडी घातली. माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "आभार मानू या," आणि सगळं चर्च आमेन म्हणालं. माझ्या शेजारी पेरही म्हणाला, सवयीनं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर आम्ही उभं राहून कुंपणाचे आभार मानले.

तरी मी वेदीकडं गेले. का गेले विचाराल तर पाय गेले. इतर बायकांबरोबर कठड्यापाशी गुडघे टेकले. वेदीवरचं कापड पिवळं पडलं होतं, कुणी बर्फावर वाळवत नव्हतं. हेर एर्लांड एकेकीच्या तोंडात भाकर देत माझ्यापर्यंत आले. वाकले. इतके वाकले की त्यांचा श्वास माझ्या कानाला लागला.

"ती निर्दोष होती," ते कुजबुजले. "देवाला ठाऊक आहे. मलाही."

भाकर माझ्या ओठांपाशी आली. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी थोडी वाट बघितली. मी फक्त एवढंच म्हटलं, "मोठ्यानं सांगा."

ते पुढच्या बाईकडं सरकले. द्राक्षारसाचा प्याला घेऊन परत आले, पुन्हा माझ्यापुढं थांबले, पुन्हा मी तेच म्हटलं, आणि पुन्हा ते पुढं गेले. कठड्यापाशी नवी रांग आली, तीही उठली. मी तिथंच गुडघ्यांवर. मागं खोकणं, कुजबुज, बाकांचा आवाज. शेवटी त्यांनी आशीर्वाद उच्चारला, तोही माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत, आणि मेणबत्त्या विझवल्या. मग मी उठले. गुडघे धरले होते, पेरनं हात दिला.

होडी थांबली होती. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. माझ्या बाकावर अपोलोनिया आधीच बसलेली, हात दांड्यावर. आता ती लग्नाची झाली होती. मी शेजारी बसले. होडी काठापासून सुटली आणि पहिलं वल्हं पाण्यात जायच्या आत ती बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, धर्ममातेनं मला कुठं नेलं नव्हतं."

पुढच्या बाकावरून सिग्रिड गर्रकन वळली आणि लेकीला गप्प बस म्हणाली. वल्ही हवेत थांबली.

"मग नाव का घेतलंस?" मी विचारलं.

"मी घेतलं नाही. मला एकही नाव येत नव्हतं. पाद्रीबाबांनी विचारलं, बाप्तिस्म्याला तुला चर्चमध्ये कुणी आणलं? मी म्हटलं, धर्ममातेनं. ते म्हणाले, मग ब्लोकुल्लालाही तीच नेत असेल, कारण सैतान सगळं उलटं करतो. आठव बरं. मला आठवेना. संध्याकाळ झाली. ते म्हणाले, आठवलं की घरी जाशील." ती दांड्याकडं बघत होती. "मग मला आठवलं."

म्हणजे ते नाव पोरीच्या तोंडातून आलंच नव्हतं. ते त्यांच्याच तोंडातून आलं होतं. त्यांनीच ते पोरीच्या तोंडात घातलं, आणि मग कोठारात टोपलीवर बसून ग्योलिनला म्हणाले, इतकी लेकरं सांगतायत, ती सगळी खोटी का? आपल्या हातची लापशी जिनं वाढली, जिला सोनं म्हणाले, तिचं नाव. आणि मी इतकी वर्षं या पोरीच्या शेजारी बसून तिच्या नावानं बोटं मोडत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मीही देत होते.

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही.

"पुन्हा सांग," मी म्हटलं. "मागच्या वल्ह्यांना ऐकू गेलं नाही."

सिग्रिड रडत नको नको म्हणत होती. अपोलोनिया उठून उभी राहिली. होडी हलली, पेरनं सुकाणू घट्ट धरलं. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, मोठ्यानं, ग्योलिनचं पूर्ण नाव घेऊन. मग म्हणाली की ती निर्दोष होती. होडीत कुणी आमेन म्हटलं नाही, पण कुणी वल्हंही मारलं नाही. सगळ्यांनी ऐकलं.

काठ अजून जवळच होता आणि पाण्यावरून आवाज लांब जातो. चर्चच्या दारात हेर एर्लांड उभे होते, काळा झगा अजून अंगावर. त्यांनीही ऐकलं. मी बघत होते, अजूनही वाटत होतं की आता तरी एखादं पाऊल पुढं टाकतील, हात तरी वर करतील.

ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.